पैनगंगेच्या अलीकडे : कापूस, तराजू आणि कायदा
(प्रस्तावना)

अमेरिकेच्या इतिहासातल्या 1865 ते 1917 या काळावर मराठीत लिहायचं आणि सुरुवात हिंगोलीपासून करायची, हे वरवर पाहता ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. रॉकफेलरचं तेल, कार्नेगीचं पोलाद आणि शिकागोचे कत्तलखाने यांचा सेनगाव, कळमनुरी, वसमतशी संबंध काय? आज औंढा तालुक्यात अमेरिकेचं नाव निघतं ते दुधाळ्याच्या लायगो प्रकल्पामुळं. 2023 मध्ये केंद्रानं त्याच्या 2600 कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली आणि बांधावरच्या गप्पांत गुरुत्वलहरी आल्या. पण हा संबंध लायगोपेक्षा बराच जुना आहे आणि तो कापसाचा आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून जात होता. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली. पुढची चार वर्षं मुंबईत पैशाचा पूर आला. कापूस-दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव झालं, बॅक बे भरावाचे शेअर चढले आणि 1 जुलै 1865 च्या सौद्यांच्या दिवशी सगळं कोसळलं. मुंबईच्या इतिहासाची पुस्तकं ही कहाणी रंगवून सांगतात. कापूस ज्या गाडीवाटेनं मुंबईला गेला त्या वाटेची मात्र फारशी कुणी चौकशी करत नाही.

त्या वाटेवर पैनगंगा आहे. आजचा हिंगोली जिल्हा नदीच्या अलीकडे, वाशिम आणि पुसद पलीकडे. 1853 पर्यंत दोन्ही काठ निजामाचेच होते. त्या वर्षीच्या तहानं, निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या इंग्रजी कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. गंमत अशी की ज्या फौजेचा खर्च भागवायला पलीकडचा मुलूख द्यावा लागला, तिची एक छावणी अलीकडे, हिंगोलीतच होती आणि ती 1903 पर्यंत राहिली. जमीन तीच, काळी; पीक तेच; माणसं सोयरीकीत बांधलेली. कायदा, नाणं आणि सरकार मात्र वेगळं झालं. इतिहास अभ्यासणाऱ्याला अशी फाळणी क्वचितच आयती मिळते, आणि हे पुस्तक तिच्यावरच उभं आहे.

मला सांगायचं ते थोडक्यात असं. धंद्याची वाढ आणि सुधारणा जोडीनं येतात असं आपण धरून चालतो, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. वाढीला रेल्वे आणि तारयंत्र पुरतं. सुधारणेसाठी लोकांच्या हातात काहीतरी असावं लागतं: मत, संघटना, वर्तमानपत्र, निदान कचेरीतला अर्ज तरी. अमेरिकेच्या शेतकऱ्याकडे यातलं बरंच काही होतं आणि तरीही तो बहुतेक लढाया हरला. पैनगंगेच्या पलीकडच्याकडे थोडंसं होतं. अलीकडच्याकडे 1948 पर्यंत जवळपास काहीच नव्हतं. या तीन परिस्थिती शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचा चेहरा जास्त स्पष्ट दिसतो.

अमेरिकेचा चेहरा आधी पाहू, कारण मराठी वाचकाला तो अर्धाच माहीत असतो. 1869 मध्ये खंड ओलांडणारी रेल्वे पुरी झाली, 1870 मध्ये स्टँडर्ड ऑइल स्थापन झाली, आणि 1873 मध्ये मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी ज्या कादंबरीत या काळाची टर उडवली तिचं नावच त्या काळाला चिकटलं: मुलाम्याचं युग. वरून सोनं, आत पितळ. विसाव्या शतकाच्या तोंडाशी अमेरिका कारखानदारीत इंग्लंडच्या पुढे निघून गेलेली होती. त्याच काळात होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संपकऱ्यांवर गोळ्या चालल्या (1892) आणि पुलमनचा संप लष्कर आणून मोडला गेला (1894). एवढं आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही येतं. दक्षिणेतला कापूसवाला मात्र त्यांत सहसा नसतो.

गुलामगिरी गेली, पण जमीन मालकांकडेच राहिली. मुक्त झालेला काळा शेतकरी आणि त्याच्यासारखाच गरीब गोरा, दोघंही बटईदार झाले. पेरणीच्या वेळी गावातला दुकानदार पीठ, डुकराचं मांस, अवजारं उधारीवर द्यायचा आणि उभ्या पिकावर बोजा चढवायचा. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. कापूस निघाला की तो त्याच दुकानदाराकडे, त्याच्या काट्यावर, त्याच्या वहीप्रमाणे जमा व्हायचा. वही मिटली तरी बाकी मिटायची नाही. दुकानदाराचा आग्रह असायचा की कापूसच पेरा, मका नको, कारण मका घरी खाता येतो. मराठवाड्यातल्या ज्या घरात सवाई-दिढीचं धान्य कुणी उचललेलं आहे तिथं हा परिच्छेद समजावून सांगावा लागणार नाही. पेरणीला एक पोतं घ्यायचं, सुगीला सव्वा किंवा दीड द्यायचं. गहाणखताचं खरेदीखत व्हायला एक वाईट साल पुरायचं.

भावाचंही तसंच. 1894 साली अमेरिकेत कापूस पौंडाला पाच सेंटांच्या खाली गेला. 1873 मध्ये अमेरिकेनं चांदीचं मुक्त टंकन थांबवलं, युरोप सोन्याकडे वळला, चांदी घसरत गेली. कर्जात बुडालेला अमेरिकन शेतकरी म्हणू लागला की चांदी परत आणा, म्हणजे पैसा मुबलक होईल आणि कर्जाचं ओझं हलकं होईल. 1896 ची अध्यक्षीय निवडणूक याच मुद्द्यावर लढली गेली आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन ती हरले. त्याच चांदीच्या घसरणीनं इकडे 1893 मध्ये हिंदुस्थान सरकारला टांकसाळी चांदीसाठी बंद कराव्या लागल्या. निजामाच्या मुलखात तर आणखी एक पीळ होता: इथं हाली सिक्का चाले, नदीपलीकडे कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार. कापसाचा भाव मुंबईला कलदारात ठरणार आणि हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या हातात हाली पडणार. मधला बट्टा सराफाचा. चलनाच्या गुंत्याचं शास्त्र पुढे एका मराठी माणसानंच जगाला समजावलं, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आता तराजू. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याच्यावर आहे आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. अमेरिकेतल्या सुधारणायुगावर लिहिणारे सहसा मोठ्या नावांकडे धावतात: आयडा टार्बेलनी स्टँडर्ड ऑइलची लक्तरं काढली, अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीनंतर 1906 मध्ये मांस तपासणीचा कायदा आला, 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. पण ही चळवळ आधी धान्याच्या कोठारांपाशी सुरू झाली होती. 1867 मध्ये शेतकऱ्यांची ग्रेंज संघटना निघाली. शिकागोची कोठारं मूठभर लोकांच्या हातात होती. भाडं तेच ठरवायचे, धान्याची प्रतही तेच लावायचे. इलिनॉयच्या विधिमंडळानं कोठारांच्या दरांवर मर्यादा घातली आणि 1877 मध्ये मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. लोकांचं हित ज्यात गुंतलंय असा धंदा खासगी असला तरी सरकार त्याच्यावर नियंत्रण ठेवू शकतं, असं तत्त्व त्यातून निघालं. 1887 मध्ये रेल्वेच्या भाड्यांवर नजर ठेवणारा आंतरराज्य व्यापार कायदा आला.

त्याच्या एक वर्ष आधी, 1886 मध्ये, कारंज्याला कापसाचा बाजार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हुकमानं नियंत्रित झाला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा, म्हणजे हिंगोलीकरांच्या दृष्टीनं शेजारचंच गाव. 1897 मध्ये वऱ्हाडाचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला. ते करताना सरकारच्या मनात शेतकऱ्याचं भलं किती आणि मँचेस्टरला स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस मिळावा ही चिंता किती, याचं उत्तर कठीण नाही. बाजार समितीत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता, शेतकऱ्याला हक्काची जागा नव्हती. तरी बाजाराला कुंपण आलं, वजनमापांवर देखरेख आली, दलालाला परवाना लागू लागला.

या गोष्टी किरकोळ वाटत असतील तर बाजारात कापूस नेलेल्या माणसाला विचारावं. गाडी उभी राहिली की दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं धरून सौदा करणार. ज्याचा माल आहे त्याला भाव कळणार सगळ्यांच्या शेवटी. मग कडता, तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय. कापूस ओला आहे म्हणून एक कटती, कवडी आहे म्हणून दुसरी. हे प्रत्येक वेळी थोडंच असतं आणि प्रत्येक गाडीला असतं. पैनगंगेच्या अलीकडे अशा कपातींवर बोट ठेवणारा कायदा यायला 1930 उजाडलं. हैदराबाद संस्थानाचा शेतमाल बाजार कायदा तेव्हाचा, 1339 फसलीचा. कारंज्यानंतर चव्वेचाळीस वर्षं. दरम्यान अलीकडचा शेतकरी शक्य तेव्हा आपली गाडी नदीपार नेत असला तर नवल नाही.

मात्र पलीकडचं चित्र गुलाबी रंगवायचा मोह वाचकानं आवरावा. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये लॉर्ड मेयोंच्या उपस्थितीत खामगावची शाखा सुरू झाली, तारेनं लिव्हरपूलचे भाव येऊ लागले. आणि त्याच वऱ्हाडात 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत माणसं फार मोठ्या संख्येनं मेली. ज्वारीच्या रानात कापूस आला होता, गावातली धान्याची पेवं रिकामी झाली होती, आणि रेल्वेनं धान्य आणलं तरी ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं पुस्तक आणि स्वेन बेकर्ट यांचा कापसाचा जागतिक इतिहास, दोन्ही हेच दाखवतात. व्यापार वाढवणारी रेल्वे बंजारा तांड्यांच्या मुळावर कशी आली, त्याला इथं जागा नाही. चौथ्या प्रकरणात ते विस्तारानं आहे.

अलीकडे रेल्वेही उशिरा आली. गोदावरी खोऱ्याची मनमाड-सिकंदराबाद लाइन 1900 च्या सुमारास परभणी-नांदेडवरून गेली. पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा मीटर गेज फाटा 1912 चा. जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या त्याच्याबरोबर आल्या. म्हणजे 1912 साली वाढीची साधनं हिंगोलीत पोचलेली होती. सुधारणेची साधनं कुठं होती?

अमेरिकेत पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, दोन घटनादुरुस्त्या झाल्या: उत्पन्नावर कर बसवायचा अधिकार संघराज्याला मिळाला, आणि सिनेटर थेट लोकांनी निवडायचे ठरले. दोन्ही मागण्या 1892 मध्ये ओमाहा इथं जमलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या जाहीरनाम्यात होत्या. तो पक्ष तोवर संपलाही होता. त्याच्या उमेदवाराला 1892 मध्ये दहा लाखांवर मतं पडली, देशाची सत्ता कधीच मिळाली नाही, पण त्याची मागण्यांची यादी इतरांनी उचलली. मत असलं की हरलेल्याचंही काही उरतं ते असं. हिंगोलीच्या शेतकऱ्यानं प्रौढ मताधिकारानं पहिलं मत टाकलं 1952 मध्ये. त्याआधी संस्थानात नावापुरती कायदे कौन्सिल होती. 1938 मध्ये स्थापन होतानाच स्टेट काँग्रेसवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बराच काळ तुरुंगात गेला. 1946 च्या विधानसभेची चौकट इतकी तोकडी होती की स्टेट काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कारच टाकला.

आणि मग सगळं एकदम आलं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द. 1950 मध्ये कूळकायदा. 1952 मध्ये मत. 1956 मध्ये भाषावार पुनर्रचना, 1960 मध्ये महाराष्ट्र, 1962 मध्ये जिल्हा परिषदा. अमेरिकेनं ज्याला तीस-पस्तीस वर्षं घेतली, त्यातलं बरंचसं इथं चौदा वर्षांत उरकलं. हे भाग्यच म्हणायला हवं, आणि माझी पिढी शाळेत ते तसंच शिकली. पण चळवळ मुरण्याआधी कायदा आला की काय होतं, हेही त्याच वर्षांनी दाखवलं. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांनी पूर्वीच्या जहागिरी मुलखातल्या संरक्षित कुळांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष असा की 1950 च्या दशकाच्या मध्याला मूळ कुळांपैकी निम्म्याहून कमी लोक कूळ म्हणून जमिनीवर उरले होते. काहींनी जमीन विकत घेतली, हे चांगलं झालं. पण पाचातल्या एकाहून अधिकाला बेकायदा हुसकावलं गेलं, आणि जवळजवळ तितक्यांनीच जमीन ‘स्वखुशीनं’ सोडली. पाटलाच्या ओसरीवर, पटवाऱ्यासमोर, अंगठा उठवून दिलेला राजीनामा किती स्वखुशीचा असतो हे जुन्या फेरफारांत लिहिलेलं नसतं.

अमेरिकन पॉप्युलिस्टांची सर्वांत धाडसी कल्पना तिकडे फसली आणि इकडे अमलात आली, याची नोंद मला फारशी कुठे सापडली नाही. टेक्सासच्या चार्ल्स मॅक्यून यांनी 1889 मध्ये मांडलेली ही योजना अशी: सरकारनं गोदामं बांधावीत, शेतकऱ्यानं कापूस तिथं ठेवावा, बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम नाममात्र व्याजानं उचल म्हणून घ्यावी आणि भाव चढल्यावर विकावं. दुकानदाराच्या वहीतून सुटायचा तो मार्ग होता. अमेरिकन काँग्रेसनं तिला दारात उभं केलं नाही. महाराष्ट्रानं 1972 पासून राबवलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या कल्पनेच्या पुढे दोन पावलं गेली: सगळा कापूस सरकारच घेणार, खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. सुरुवातीला अनेकांना ती वरदान वाटली. मग चुकारे थकू लागले, प्रतवारीत हात ओले करावे लागू लागले, आणि शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्रीच्या ट्रकमधून कापूस हद्दीपार जाऊ लागला. पूर्वी पैनगंगेपार जाणाऱ्या गाड्यांचीच ही पुढची आवृत्ती, फक्त आता ती आपल्याच लोकनियुक्त सरकारच्या कायद्यातून सुटण्यासाठी होती.

1986 च्या हिवाळ्यात शेतकरी संघटनेचं कापूस आंदोलन पेटलं. त्या डिसेंबरात आताच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. होमस्टेडवर अमेरिकेत ग्रंथालयाचं एक कपाट भरेल इतकं लिहिलं गेलं. सुरेगावावर, संघटनेची प्रकाशनं आणि काही लेख सोडले, तर किती? संघटनेचे नेते शरद जोशी यांचं बाजारमुक्तीचं अर्थकारण मला पुरतं पटत नाही आणि पुस्तकात मी त्यांच्याशी बराच वाद घातला आहे. पण तराजू सरकारच्या हातात गेला म्हणजे शेतकऱ्याच्या हातात आला असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा सुरेगावनंतर टाळता येत नाही.

उरली ती बाजू, जिच्यामुळं अमेरिकेचे सुधारणावादी आणि आपले सुधारणावादी सारखेच अडखळतात. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. त्यानंतर चारच वर्षांनी दक्षिणेतून उरलंसुरलं सैन्य मागं घेतलं गेलं, आणि 1890 च्या मिसिसिपीच्या घटनेपासून काळ्या मतदारांची मतं एकेका राज्यात पद्धतशीर काढून घेतली गेली. पॉप्युलिस्टांनी काही काळ काळ्या-गोऱ्या बटईदारांना एकत्र आणलं. ते एकत्र येणंच त्यांच्या विरोधकांना सर्वांत धोक्याचं वाटलं आणि वंशद्वेषाच्या हत्यारानं ते मोडलं गेलं. 1919 मध्ये अर्कान्सामधल्या इलेन इथं कापसाचा हिशेब मागायला संघटना काढणाऱ्या काळ्या बटईदारांची कत्तल झाली. थेट सिनेटर आणि उत्पन्नकर आणणाऱ्या त्याच सुधारणायुगात हे चाललं होतं.

मराठवाड्यात कूळकायद्यानं ज्याचं नाव कागदावर होतं त्याला थोडंफार दिलं. सालगड्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. गावातली दलित घरं जहागिरी जाण्यापूर्वी जिथं होती तिथंच राहिली. म्हणून त्यांची लढाई गायरानावर झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरान कसणाऱ्यांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. त्याची अंमलबजावणी हा आजही तहसिलीत चपला झिजवायचा विषय आहे. वेचणीला जाणाऱ्या बाईचा हिशेब तर याहून मागं, किलोवर. या पुस्तकात तिच्यावर एकच प्रकरण आहे. ते अपुरं आहे, कारण जुन्या दप्तरांत ती जवळपास नाहीच.

चलनाचं शास्त्र सांगणारा माणूस अर्थात बाबासाहेब आंबेडकर. ते जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले, म्हणजे अमेरिकेच्या सुधारणायुगाच्या ऐन भरात. कोलंबियात त्यांना लाभलेले एडविन सेलिग्मन हे प्राप्तिकराचे मोठे पुरस्कर्ते. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला पुढं त्यांनीच प्रस्तावना लिहिली. 1923 च्या रुपयावरच्या प्रबंधात चांदी आणि सोन्याच्या ज्या वादाची चिरफाड आहे, त्याच वादानं ब्रायन हरले होते. बाबासाहेबांनी अमेरिकेतून काय आणलं याची चर्चा बहुतेक वेळा जॉन ड्युई यांच्या तत्त्वज्ञानाभोवती फिरते. माझं मत आहे की करपद्धती आणि चलन या रुक्ष वाटणाऱ्या विषयांतून त्यांनी तितकंच आणलं; सातवं प्रकरण त्यासाठी आहे.

शेवटी पुस्तकाच्या मर्यादेबद्दल दोन शब्द. 1999 मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा जुन्या कागदांत स्वतंत्रपणे सापडत नाही. परभणीच्या आकड्यांतून त्याचे आकडे अंदाजानं काढण्याऐवजी मी आकडे सोडले. वसमतच्या हळदीला, पूर्णा प्रकल्पाच्या पाण्याला आणि साखर कारखान्याला इथं जेमतेम जागा मिळाली आहे. अनुशेषाचं राजकारण, म्हणजे 1984 च्या दांडेकर समितीचे सुमारे 3187 कोटी, 1994 ची वैधानिक विकास मंडळं आणि 2020 मध्ये त्यांची संपलेली मुदत, हा वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. सोयाबीननं कापसाला रानाबाहेर काढलं, तो भाग मी मुद्दाम शेवटच्या प्रकरणात ठेवला आहे. ज्यांना अमेरिकेची गोष्ट आधी हवी त्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून वाचावं. पहिलं प्रकरण कारंज्याच्या बाजाराचं आहे, आणि त्यात वजनमापांचे तपशील बरेच आहेत.